पोखर्णीचा कुलूपबंद फोन

पोखर्णीहून परभणीला जाणारी सकाळची एसटी लागली तेव्हा आमच्या घरचे सगळे एकाच वेळी बोलत होते आणि आप्पा एकटे गप्प होते. माय माझ्या पिशवीत शेंगदाण्याच्या चटणीचा तिसरा डबा कोंबत होती. शेजारच्या बायका विचारत होत्या, तिकडं पाणी तरी गोड असतंय का? मला काय ठाऊक! मी तोवर परभणीच्या पुढं गेले नव्हते आणि आता एकदम मस्कतला निघाले होते. त्या सकाळी एसटीपाशी उभं राहून ज्यांनी हात हलवला त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, आणि माझ्यासारखीच कुठली तरी एसटी ज्यांनी पकडली त्यांच्यासाठीही.

माझं लग्न ठरलं तेव्हा सुधाकर परभणीत नोकरीला होते. आप्पांनी मुलगी दिली ती बारा कोसांच्या आतली सोयरीक म्हणून. लग्नानंतर चार महिन्यांत जावयाला मस्कतला टेलिफोनच्या केबल जोडायचं काम मिळालं आणि सहाव्या महिन्यात माझा व्हिसा आला. आप्पा आम्हा गुरवांच्या रीतीप्रमाणे देवळाच्या सेवेत होते. नरसिंहाच्या आरतीला नगारा आणि भजनाला पखवाज वाजवायचे. बोलण्याचं काम त्यांनी आयुष्यभर हातांवर सोपवलेलं. त्या दिवशी मी पाया पडले तर ते एवढंच म्हणाले, "चिठ्ठी धाडत जा. फोनवर मला बलावू नको."

कंडक्टरनं घंटी मारली आणि मी ते वाक्य घेऊन समुद्रापार गेले. आप्पा आपल्यावर रागावलेत, असा त्याचा अर्थ मी लावला. दुसरा कुठला अर्थ असू शकतो हे तेव्हा सुचलंही नाही.

मस्कतचं काय सांगू? रूवी भागात कंपनीचा फ्लॅट होता. एसी चोवीस तास घुरघुरायचा. पहिल्या आठवड्यात मी त्याला फार घाबरले आणि पुढं त्याच्याशिवाय झोप येईना. ज्वारी मिळायची नाही. भाकरीचा हात विसरू नये म्हणून मी मिळेल त्या पिठाच्या भाकरी थापायचे आणि सुधाकर कौतुकानं त्या चावायचे. चावायचे हा शब्द मुद्दाम वापरला आहे. शेजारची मल्याळी ताई आणि मी एकमेकींची भाषा न कळता तास तास बोलायचो. खुबूसच्या रोटीबरोबर माझी चटणी खाऊन तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तरी दुसऱ्या दिवशी ती वाटी घेऊन दारात हजर. आम्ही मजेत होतो. हे गावाकडच्या लोकांना खरं वाटत नाही, त्यांना वाटतं परदेशात बाई रोज रडतच असते.

रडायचा वार एकच, शुक्रवार. त्या दिवशी सुट्टी असायची आणि आम्ही घरी फोन करायचो.

आमच्या फ्लॅटमध्ये फोन होता. टेलिफोनवाल्याचंच घर ते. पण कंपनीनं तो कामासाठी दिलेला आणि त्याच्यावरून बाहेरच्या देशात बोलायची सोय एक्स्चेंजमधूनच बंद करून ठेवलेली. बाहेरून आलेला फोन घेता येई, आपण मात्र फार तर मस्कतभर बोलायचं. नवरा दिवसभर लोकांच्या तारा जोडतो आणि बायको घरच्यांशी बोलायला बाजारातल्या कार्डाच्या बूथवर रांगेत उभी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पोखर्णीच्या बाजूला वेगळीच तऱ्हा. तिथं माणिकरावांच्या खत-बियाण्यांच्या दुकानात काळा फोन होता. त्यांचा भाऊ परदेशात, म्हणून त्यांनी खटपट करून थेट परदेशी लागणारी लाइन घेतलेली. मग गावातलं कुणीही येऊन डायल फिरवू नये, म्हणून त्याच्या भोकात एक छोटं पितळी कुलूप. चावी त्यांच्या करदोट्याला. गंमत अशी की कुलूप काढल्याशिवाय बोलताच येत नाही, अशी खुद्द माणिकरावांचीच पक्की समजूत होती. घंटी वाजली की ते आधी सदरा वर करून चावी शोधत, कुलूप काढत, ते नीट बाजूला ठेवत आणि मग रिसीव्हर उचलत. घाईचा माणूस तोवर फोन ठेवून मोकळा होई. माझ्या कार्डाचे पैसे जायला लागायचे ते उचलल्यावर, म्हणून मी आपली घंटी मोजत राहायची.

माय साडेतीनपासूनच तिथं युरियाच्या पोत्यावर बसलेली असे. चारला माझा फोन. तिकडे चार, तेव्हा आमच्याकडे अडीच. ती पहिल्यांदा विचारी, जेवलीस का, आणि मग म्हशीपासून सुरुवात करी. आप्पा तिच्याबरोबर येत, पण दुकानाच्या पायरीवर पाठ करून बसत. मी दर वेळी म्हणायची, आप्पांना दे. माय म्हणायची, "ते न्हाई म्हणायलेत." कधी कधी मागून त्यांचा खोकला ऐकू यायचा. दोन वर्षं मी वडलांच्या खोकल्यावर काढली. त्यांचा राग गेला आहे की नाही, हे खोकल्यावरून ओळखायचा प्रयत्न करी.

दुसऱ्या वर्षी दिवाळीला आम्ही पंधरा दिवस गावी गेलो. समोरासमोर आप्पा नेहमीसारखेच. माझ्यासाठी रानातून बोरं आणली, पखवाजाची शाई दाखवली. फोनचा विषय मात्र मी काढला की उठून देवळात जात. एकदा ओट्यावर बसून त्यांनी जावयाला सहज विचारलं, डायल फिरवल्यावर आत नेमकं होतं काय? सुधाकर खुलले. त्यांना कुणी कामाबद्दल विचारलं की जेवणाचं भान राहत नाही. म्हणाले, मामा, काही नाही हो. पाच फिरवलं की तार पाच वेळा तुटते आणि जुडते. शून्याला दहा वेळा. रिसीव्हर ठेवतो ती बटणं बोटानं तितक्या वेळा दाबली तरी एक्स्चेंजला तेच कळतं. फक्त लय धरून दाबायची आणि दोन आकड्यांमध्ये थोडं थांबायचं. आप्पांनी मांडीवर बोटं वाजवून बघितली आणि म्हणाले, म्हणजे आकडा म्हणजे मात्रा, आन् मधी दम घ्यायचा. सुधाकर म्हणाले, अगदी तसंच. मी हसले. माझ्या दृष्टीनं विषय तिथं संपला.

विद्यापीठाच्या नामांतराच्या आदल्या वर्षीची पुढची गोष्ट. मला आठवा महिना होता. गुरुवारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघून सांगितलं की पंधरा दिवस पलंगावरून उठायचं नाही. पोटातलं बाळ ठीक होतं, काळजी एवढ्यासाठीच की ते ठीकच राहावं. त्याच संध्याकाळी सुधाकरना लांबच्या गावी मोठा बिघाड काढायला जावं लागलं. मल्याळी ताई दुसऱ्या दिवशी स्वयंपाक करून देऊन ड्यूटीला गेली. आणि शुक्रवारचे अडीच वाजले.

उशाशी फोन, आणि त्यावरून मला घरी फोन करता येत नव्हता. बूथ रस्त्यापलीकडे होता, पण उठायची बंदी. मला डोळ्यांसमोर पोत्यावर बसलेली माय दिसत होती. आठवा महिना चालू आणि पोरीचा फोन नाही, म्हणजे तिच्या मनात काय काय येईल हे मला इथं पडून कळत होतं. मी दोनदा पाय खाली सोडले आणि दोनदा वर घेतले. पोटावर हात ठेवून बाळाला म्हटलं, तुझ्यासाठी झोपले आहे, लक्षात ठेव. ते माझ्या मुलीनं आजतागायत लक्षात ठेवलेलं नाही.

पोखर्णीत त्याच वेळी काय चाललं होतं ते मायनं नंतर मला इतक्या वेळा सांगितलं आहे की मी तिथं असल्यासारखीच आहे. माणिकराव जिंतूरला लग्नाला गेले होते आणि चावी त्यांच्या करदोट्याबरोबर गेली होती. दुकानात त्यांच्या बायको, आमच्या सुमनकाकू, बसलेल्या. चार वाजले, सव्वाचार झाले, घंटी नाही. साडेचारला मायनं रडायला सुरुवात केली. आप्पा पायरीवरून उठले, आत आले आणि काकूंना म्हणाले की एक फोन लावू का? काकू म्हणाल्या, लावा की, पण कुलूप? आप्पा म्हणाले, कुलूप राहू द्या.

त्यांनी आमचा नंबर लिहिलेलं पंचांग उघडलं, ते मांडीवर ठेवलं आणि रिसीव्हर उचलून बटणावर तर्जनी टेकवली. परदेशाचे दोन शून्य आणि ओमानचा नऊशे अडुसष्ट, म्हणजे आमच्या नंबरापर्यंत पोचायलाच त्रेचाळीस ठोके. त्यानंतर आमचे सहा आकडे. माय म्हणते, दुकानात खत घ्यायला आलेली चार माणसं श्वास रोखून उभी होती आणि आप्पांचे डोळे मिटलेले होते, भजनात मिटायचे तसे. पहिल्यांदा लागलाच नाही. दुसऱ्यांदा कुणी हिंदीत बोललं. आप्पांनी त्याला विचारलं, माझी शकू हाय का तिथं? तिसऱ्यांदाही परकंच घर. चौथ्यांदा त्यांनी धोतराला बोट पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मस्कतला माझ्या उशाशी घंटी वाजली. सुधाकरचा असेल म्हणून मी उचलला. थोडा वेळ नुसती खरखर. मग एक खोकला.

त्या खोकल्यासाठी मी दोन वर्षं कान दिला होता, मला नाव सांगायची गरजच नव्हती. पण विश्वास बसेना.

"शके?"

"आप्पा, तुमी?"

"मी हाय. दोन ठिकाणी दुसऱ्याच्या घरी जाऊन आलो. बरी हायस ना?"

मी सगळं सांगितलं. मी बरी आहे, बाळ बरं आहे, फक्त झोपून राहायचं आहे. ते मागं वळून मायला म्हणाले, बरी हाय, आणि तिकडे चार-पाच माणसांचा एकदम मोठा आवाज झाला. खत राहिलं बाजूला, सगळे हसत होते.

"मंग रडायलीस कामून?" आप्पांनी विचारलं.

म्हटलं, रडत नाही, हसतेय. दोन्ही चाललं होतं. आणि मग इतकी वर्षं अडवून ठेवलेला प्रश्न मी विचारून टाकला. "आप्पा, माझ्यावर राग होता का?"

"राग कशाचा? एसटीपाशी म्हणलो ते मला त्याच्यात बोलायची सवय न्हाई म्हणून. तू गेल्यावर पहिला फोन आला तवा मायनं माझ्या कानाला लावला होता. तू आप्पा म्हणलीस आन् मी दाराकडं बघितलं. दारात कोणी न्हाई. लय वाईट वाटलं. दर शुक्रवारी दाराकडं कोण बघणार, म्हणून घेत नव्हतो."

मला तो पहिला फोन आठवला. कुणी बोलत नाही म्हणून लाइन कट झाली असं समजून मी तेव्हा फोन ठेवला होता. वडील रिसीव्हर कानाला लावून दाराकडे बघत उभे होते आणि मी फोन ठेवून दिला. त्यांचा राग म्हणून मी दोन वर्षं जे वागवलं ते असं निघालं. मला इतका आनंद झाला की पोटातलं बाळसुद्धा फिरलं. मी ते आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, ताल समजायलाय त्याला.

त्यानंतर ते थांबेचनात. कुणाच्या घरी काय झालं, कापूस कसा आहे, देवळाला रंग कुठला दिला, दोन वर्षांची थकबाकी त्यांनी एका दमात चुकती केली. माय मागून म्हणत होती, मला द्या की. शेवटी तिनं रिसीव्हर हिसकावला आणि घाईत तिचं कोपर बटणावर पडून फोन बंद झाला. आप्पांना परत पहिल्यापासून ठोके द्यावे लागले.

माणिकराव जिंतूरहून आले तेव्हा गावानं त्यांना कुलपाची खरी किंमत सांगितली. ते आप्पांच्या बोटांकडे बराच वेळ बघत राहिले. कुलूप त्यांनी काढलं नाही, शोभेला तसंच ठेवलं. आणि मला मुलगी झाल्याची बातमी पोखर्णीत पहिल्यांदा आप्पांनी घेतली, स्वतः फोन उचलून. पुढच्या शुक्रवारपासून मायची पाळी कधी आली ते मला आठवत नाही.

ती मुलगी आता कॅनडात असते. मागच्या वर्षी तिनं आजोबांना तिकडून एक चांगला मोबाइल पाठवला. परभणीच्या दुकानात त्यात आपल्याकडचं सिमकार्ड घातलं तर चालेचना. दुकानदार म्हणाला, हा तिकडच्या कंपनीनं लॉक केलेला आहे, त्यांच्याच कार्डावर चालणार, त्यांच्याकडून उघडून घ्यावा लागेल. मुलीनं कंपनीशी आठवडाभर भांडून तो उघडून घेतला. तोवर आप्पा रोज तो फोन उलटा-सुलटा करून बघायचे आणि मला विचारायचे, ह्यात ठोकायचं कुठं?

आम्ही अजून मस्कतलाच आहोत. इथं आता ज्वारीचं पीठ मिळतं, आणि माझी भाकरी सुधाकर चावत नाहीत, खातात. घर कुठलं, असं कुणी विचारलं की पूर्वी माझी पंचाईत व्हायची. मी ज्यांना फोन करते ते घर, असं तेव्हा वाटायचं. त्या शुक्रवारपासून मात्र मनाशी पक्कं आहे, माझा आवाज आला नाही म्हणून जे शोधत निघतात ते घर. ते पोखर्णीत आहे, इथंही आहे आणि थोडं कॅनडात गेलं आहे.

आप्पा आता थकले आहेत, पखवाज सुटला आहे, पण मोबाइल हातातून सुटत नाही. काल मी अंघोळ करून बाहेर आले तर त्यांचे अकरा मिस्ड कॉल. तेवढ्यात त्यांनी सुधाकरना ऑफिसात आणि नातीला कॅनडात उठवून विचारलं होतं. मी ओल्या केसांनीच फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"कुठं गेलतीस?"

"कुठं नाही आप्पा," मी म्हटलं, "घरीच होते."