भाताला सागाचा वास

काल खेळण्यातल्या गलबतासाठी सागाची पट्टी उकळत्या पाण्यात टाकली आणि वासासरशी मी साठ सालच्या सुमाराच्या आगरदांड्याला पोचलो.

तेव्हा माझ्या छोट्या गलबताच्या पट्ट्या वाकवताना तडकत. शेजारचे इब्राहिमचाचाही तसलंच गलबत करत होते, त्यांच्या पट्ट्या मात्र मिशीसारख्या वळत. काहीतरी काळंबेरं नक्की होतं. कानस मागायच्या निमित्ताने भरदुपारी मी त्यांच्या घरात शिरलो.

चाचीने माझ्यापुढे भात ठेवला. "खाऊन सांग, बाबू. आठ दिस झाले, भाताला लाकडाचा वास येतो. म्हातारा काय तरी लपवतोय."

तिच्यामागे, दाराआड चाचा हात जोडून उभे होते आणि त्या हातांत ओल्या पट्ट्या. म्हणजे चाचीच्या भाताच्या आधणातच ते त्या मऊ करत होते. मी बोललो असतो, तर त्यांचं गलबत थेट चुलीत गेलं असतं.

मी घास गिळला. "कसला वास, चाची? नाक चोंदलंय तुमचं."

अंगणात चाचा कुजबुजले, "पट्टी गरम असतानाच वाकव. दोऱ्याने बांध, वाळेपर्यंत सोडू नको."

काल तसंच केलं. पट्टी तडकली नाही, पण मला सपाटून भूक लागली.