फाडल्याची पोच

"मॅडम, अर्ज मुदतीत दिलाय. आता खातं बंद करायचं न्हाय!" असं म्हणत तात्यांनी माझ्या टेबलावर कागद आपटला.

मी निमगाव केतकीतल्या एका बँकेची ब्रँच मॅनेजर. तात्या आमचे डाळिंबवाले खातेदार. कागद म्हणजे एका ईमेलची प्रिंट होती. वर आमच्याच बँकेचा लोगो, मधे धमकी: आजच्या आज केवायसी करा, नाहीतर खातं बंद. खाली लिंक. आणि लिंकखाली तात्यांच्या ठसठशीत अक्षरात खातेनंबर, एटीएमचा पिन, चिकटवलेला फोटो आणि सही!

याला फिशिंग म्हणतात. बँकेचं सोंग घेऊन माहिती काढून घ्यायची. ओळखायला अवघड नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता भलताच असतो, घाई फार असते, आणि पिन मागतात. बँक पिन कधीच मागत नाही.

"तात्या, लिंक दाबली नाही ना?"

"छ्या! असलं महत्त्वाचं काम मोबाईलवर करायचं असतंय व्हय? प्रिंट काढली, भरली, काउंटरला दिली, तुमाला दाखवाया परत मागून आणली."

"अहो, हा ईमेल चोरांचा आहे."

"मग ह्यो शिक्का कुणाचा?"

बघते तर आमचाच. आवक क्रमांक सत्तेचाळीस. काउंटरवरच्या पठ्ठ्यानं न वाचताच हाणला होता. माझं टाळकंच फिरलं. चोरांचं पत्र आम्हीच खरं करून दिलं होतं!

तेवढ्यात तात्यांचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

"सर, बँकेतून बोलतोय. केवायसी राहिलीय. पिन सांगा, मी भरून घेतो."

त्या खात्यात यंदाच्या अख्ख्या बागेचे पैसे होते. मी हातानं 'नको नको' करत होते, तात्या बघायलाच तयार नाहीत.

"अर्ज दिलाय की! आवक नंबर सत्तेचाळीस. बघ रजिस्टरला."

"आवक नंबर म्हणजे काय, सर?"

तात्यांचा चेहरा बदलला. "बँकेत हाईस आन् आवक नंबर ठावं न्हाय? ठिव फोन, चोरा!"

माझ्या सांगण्यानं जे जमलं नाही, ते त्या एका प्रश्नानं झालं. मी लगेच पिन बदलायला लावला आणि तो कागद टराटरा फाडला.

तात्या जागचे हलेनात.

"आता काय, तात्या?"

"फाडल्याची पोच द्या."

दिली. या वेळी शिक्का मी स्वतः मारला, दोनदा वाचून.