काकूंना होडीत बसवताना

अख्ख्या दिल्लीत सकाळी उठून हवा बघून खूश होणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो लक्ष्मीबाई नगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. बाकीची दिल्ली हवा किती विषारी आहे ते मोबाइलवर बघते. काका गच्चीत बोट ओलं करून ती कुठून येते ते बघत. सोलापूरकडच्या दुष्काळी मुलखात वाढून सरकारी फायलींवर जन्म काढलेल्या या माणसाने सागवानाची एक छोटी शिडाची होडी बांधून घेतली होती. ती हरियाणात, दमदमा तलावाकाठी एका ढाब्यामागे उपडी पडलेली असे. दर रविवारी तिला सुलटी करायला आणि मग पुढे वजन म्हणून बसायला मी. पाणी उपसायचा मगही माझ्याकडेच. "तुझा देह सत्कारणी लागतोय रे," असं काका कौतुकाने म्हणत.

होडीत पाऊल ठेवलं की त्यांचा दर्यासारंग व्हायचा. तलाव एवढासा, वारा त्याहून एवढासा. आम्ही तासन्तास एकाच जागी असू आणि पेडलवाली बदकाच्या आकाराची बोट शेजारून निघून जाई. "अंकल, धक्का दूँ क्या?" असं तिच्यातून कुणी विचारलं की काकांचं नाक लाल होई. होडीत हिंदीला सक्त मनाई. एकदा माझ्या तोंडून "अच्छा, चलो" निघालं, तर घरी पोहोचेपर्यंत अबोला! "पाण्यावर शब्द चुकला की माणूस बुडतो," हे पोहता न येणाऱ्या काकांचं ठाम मत.

पण हा दर्यासारंग घरात हतबल होता. काकू होडीत बसत नसत. त्यांचा जन्म करोलबागेतला, मराठी निम्मी हिंदीत भिजलेली. "मी बिल्कुल नाही बसणार तुमच्या त्या परातीत!" शेवटी काका निवृत्त व्हायला आले, क्वार्टर सोडून सोलापूरला जायचं ठरलं. होडी इथेच राहणार होती. त्या थंडीत काकांनी चक्क हात जोडले. "एकदाच ये गं. मग पुन्हा म्हणणार नाही." त्यांचा आवाज ऐकून मलाच कसंतरी झालं. काकू आल्या, शाल मांडीवर घेऊन बसल्या.

काकांनी मोठ्या विश्वासाने शिडाची दोरी त्यांच्या हातात दिली. नेमका तेव्हाच वारा फिरला, शीड फडफडायला लागलं, आणि काका ओरडले, "ओढ! अगं, ओढ लवकर!" काकूंनी ताबडतोब दोरी सोडली आणि शाल डोक्यावरून गच्च लपेटून घेतली. करोलबागेच्या हिंदीत ओढायची असते ती शालच. शिडाचा आडवा बांबू गर्रकन फिरला, माझी टोपी तलावात गेली आणि होडी सरळ काठच्या लव्हाळ्यात घुसली.

आता मराठीची शिकवणी सुरू होणार म्हणून मी मान खाली घातली. पण काकू शालीतून माझ्याकडे बघून नव्या नवरीसारख्या हसत होत्या. "मला थंडी वाजतेय हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं यांना. आणि किती काळजीने ओरडले, देखा ना?"

शालीचं निसटलेलं टोक उचलून काकांनी काकूंच्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "वारा गार आहे."

पुढच्या रविवारी काकू आपणहून निघाल्या. दोरीसाठी काकांनी गुपचूप 'खेच' हा नवा हुकूम काढला. 'ओढ' मात्र ते वारा साफ पडलेला असतानाही अधूनमधून म्हणत, आणि काकू दरवेळी शाल सारखी करत. आता दोघं सोलापूरला असतात. तिथल्या उन्हात शाल कसली डोंबलाची! मला रविवारी हवं तेवढं झोपायला मिळतं, आणि फार चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.