बेड्यांचं सोंग

पोलीस खात्यात उभी हयात गेली, पण एका बहुरूप्याला बेड्या घातल्या तो दिवस अजून डोळ्यांपुढून हलत नाही. साठच्या दशकाची सुरुवात होती. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, आणि मी तिथे फौजदार.

हा बहुरूपी नगरकडचा. दरवर्षी यायचा. आधी ठाण्यात येऊन हजेरी लावायची, मग रोज एक नवं सोंग, आणि शेवटच्या दिवशी साध्या कपड्यांत दारोदार फिरून बिदागी मागायची. त्याला ना रंगमंच लागे, ना पडदा. चालता रस्ता त्याला पुरे. एकदा टपालवाला होऊन त्याने बाजाराला न आलेली पत्रं वाचून दाखवली, माणसं पोट धरून हसली. एकदा तर माझंच सोंग घेऊन ठाण्यात शिरला आणि पहाऱ्यावरच्या शिपायाने त्याला खाडकन सलाम ठोकला! चिडायला हवं होतं, पण काय सांगू, मी मान वाकडी करून बोलतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाजारगल्लीतल्या एक बाई रडत ठाण्यात आल्या. मागे निम्मी गल्ली. त्यांची दंडातली सोन्याची वाकी चोरीला गेली होती. फिर्याद घेऊ लागलो तर प्रकार भलताच निघाला. देवीची लस टोचणारा डॉक्टर म्हणून एक माणूस दारात आला होता, तोंडाला पांढरं फडकं बांधून. बाईंना वाटलं, आजचं सोंग हे. आणि सोंग ओळखलं तरी मोडायचं नाही, ही तर गावाची रीतच.

"माले वाटनं, बहुरूपीच शे," बाई सांगू लागल्या. "तो म्हने, वाकी काढा, टोचनं शे. मी हासत हासत काढी दिनी. घरमा बसाडं. आन् शेजारनीसले गंमत देखाले बलावाले गऊ. वापस वनू तं कोनीच नही!"

पंचनामा केला. मागच्या दाराची कडी आतून काढलेली होती. फिर्यादीत संशय बहुरूप्यावरच होता, तेव्हा त्याला धरणं भाग होतं. तो वकिलाचा काळा कोट घालून चौकात एका म्हशीची बाजू मांडत होता. हवालदाराने बेड्या घातल्या तर लोकांनी टाळ्याच वाजवल्या! त्यांना वाटलं, आज बेड्यांचं सोंग आहे. तोही वकिली तोऱ्यात चालत राहिला. बाजारगल्लीत मात्र कुणीतरी ओरडलं, "चोर शे तो!" हसणं थांबलं. एकदोघे त्याच्या पुढ्यात थुंकले.

कोठडीत त्याने कोट उतरवून नीट घडी घातली. म्हणाला, "सायेब, तुरुंगाचं भ्या न्हाई. पन ह्या गावाची दारं बंद झाली, तर बातमी माज्या आधी पुढल्या गावात जाईल. मग आमच्यातल्या कुनालाच लोक दारात उभं करनार न्हाईत. आवो, सोंगात असताना उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा न्हाई, ही आमची बापजाद्यांची रीत हाय."

"चोराला कसली आलीय रीत!" हवालदार म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं. चोरी झाली त्या दुपारी हा गडी धर्मशाळेत एकटाच झोपला होता, साक्षीदार कुणी नाही. मी बाईंना पुन्हा विचारलं, तो डॉक्टर आणखी काय काय बोलला?

"आखो काहीच नही बोलना. गपचूप बसेल व्हता."

इथे माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हा माणूस नुसती जांभई दिली तरी चारजणांना हसवणारा. तो सोंग घेऊन गपचूप बसेल? मी हे त्याच्या कानावर घातलं तसा तो ताडकन उठला. "सायेब, त्या बाईंना बोलवा. त्यो चालला कसा, येवढं फकस्त सांगू द्या."

ठाण्याच्या आवारात बाई ओट्यावर बसल्या आणि तो चालू लागला. "आखो हळू," बाई म्हणाल्या. तो हळू झाला. "डावा खांदा खाले." खांदा उतरला. "पिशवी पोटले धरेल व्हती." त्याने नसलेली पिशवी पोटाशी धरली, आणि बघता बघता तिथे तिसराच कुणी माणूस उभा राहिला. बाईंनी पदर तोंडाशी धरला. "ओ माय! हाऊच तो!"

"घ्या, ओळख पटली!" हवालदार खूश.

"अहो, ही चाल बाईंनीच शिकवली ना त्याला!" मी खेकसलो.

ती चाल कुणी ओळखतं का बघायला आठवडे बाजाराच्या दिवशी मी त्याला त्या चालीत बाजारातून फिरवला. साध्या वेशातले शिपाई मागेपुढे होते, तरी आरोपी पळता तर माझी नोकरी गेली असती. लोक आधी तोंड फिरवत होते. मग एका चहावाल्याने किटली खाली ठेवली. "आरे, हाई तं त्या कंपाउंडरनी चाल शे! दवाखानामातून काढी टाकेल तो!" झालं, आजूबाजूचे दहाजण तेच बोलू लागले.

कंपाउंडरच्या घराची पंचांसमक्ष झडती घेतली. ज्वारीच्या कणगीत वाकी सापडली. "बहुरूपी गावमा व्हता," कंपाउंडर म्हणाला, "कोनी इचारनार नही, आस वाटनं." आमच्याकडे तेव्हा संशयिताचं चित्र काढणारे कुणी नव्हते. या बहुरूप्याने स्वतःच्या अंगावर चित्र काढून दिलं. असा कलावंत मी पुन्हा पाहिला नाही.

सुटकेचे कागद झाले तरी तो ठाण्यातून हलेना. बिदागीही नको म्हणाला. "सायेब, बेड्या घालून मला त्या गल्लीतनं आनलं. आता बेड्यांबिगर एकदा न्या."

मी पूर्ण गणवेश चढवला आणि त्याच्या शेजारून चाललो. त्याच्या अंगावर साधा सदरा, चेहऱ्याला रंग नाही, मान खाली. कुणी हसलं नाही. त्या बाई दारात आल्या, हात जोडले. "भाऊ, चुकनं मन्हं. घरमा ये." त्याने माझ्याकडे पाहिलं, चपला काढल्या आणि आत गेला. बाहेर आला तेव्हा ढसाढसा रडत होता, आणि खरं सांगतो, माझेही डोळे भरून आले.

कागदावर माणूस सुटतो, लोकांच्या नजरेतून सुटत नाही, एवढं मी त्या दिवशी शिकलो. पुढच्या नोकरीत ज्याला ज्याला चारचौघांत धरून आणलं आणि तो निर्दोष निघाला, त्याला मी स्वतः त्याच्या घरी सोडायला गेलो. गणवेशात, भर दिवसा, पायी.