रंग उतरवलेले सैनिक

आमच्या साताऱ्याच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहतात. दिवाळीच्या किल्ल्यावरचे प्लॅस्टिकचे सैनिक ते दरवर्षी ब्रेक ऑइलमध्ये भिजवतात, जुना रंग टूथब्रशने घासून काढतात आणि नवा देतात. एकेक सैनिक उजेडात धरून स्वतःशीच “व्हय” म्हणतात.

यंदा मंडळाची पोरं म्हणाली, “आबा, शत्रूला कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यासारखी दाढी-टोपी रंगवा.”

आबांचा टूथब्रश थांबला नाही. “शत्रू मी सरहद्दीवर बघितलाय रं. त्यो पंक्चर काढत न्हवता.”

पोरांनी दुसरे सैनिक आणून स्वतःच रंगवले. आबांना किल्ला बघायला कुणी बोलावलं नाही. त्यांच्या खिडकीत बिनरंगाचे सैनिक तसेच उभे आहेत.

काल पंक्चरवाला त्या किल्ल्यासमोरून घरी गेला. टोपी त्याने खिशात घातली होती.