मॅच संपली की गेट!

दादा गेले तेव्हा सांत्वनाला येणारा माणूस दोन मिनिटं मान खाली घालून बसायचा. मग हळूच म्हणायचा, "तुला तो स्टुलाचा किस्सा माहीत हाय का?" की झालं! आत आई डोळे पुसायची आणि बाहेर लोक पोट धरून हसायचे. वर्ष होत आलं, तरी कोणी ना कोणी नवा किस्सा घेऊन येतंच.

दादा म्हणजे माझे वडील. नांदेडात त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. हात असा, की गेटवरून बोट फिरवलं तरी जोड कुठे आहे ते कळायचं नाही. पण कुठे मॅच आहे म्हटलं की हातातला होल्डर खाली! क्रिकेट, कबड्डी, व्हॉलीबॉल, काहीही चालायचं.

*

एक वकीलसाहेब गेटसाठी चकरा मारून वैतागले होते.

"आज काय ते पक्कं सांगा. गेट कधी?"

"मॅच संपली की लगेच!"

साहेबांना बरं वाटलं. खुर्ची ओढून बसले, चहासुद्धा मागवला. तासाभराने विचारतात, "अजून किती ओव्हर?"

दादा म्हणाले, "आजच्या सांगू का एकूण?"

"म्हणजे?"

"टेस्ट मॅच हाय साहेब. सकाळीच तर सुरू झाली!"

*

स्टुलाचा किस्सा शेजारच्या रशीदचाचांचा. त्यांचं टेलरिंगचं दुकान, आणि कॉमेंट्रीचा रेडिओ त्यांचाच.

दादांनी एक गेट लोखंडी स्टुलावर टेकवलं होतं, वेल्डिंग चालू होतं. कान मात्र रेडिओकडे. शेवटची ओव्हर! काम झालं, टेम्पो आला, चौघांनी गेट उचललं, तर स्टूलही वर! दादांनी त्याचा पाय गेटालाच जोडून टाकलेला.

गिऱ्हाईक बघतच राहिलं. "हे काय?"

दादांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "वॉचमनला बसायला."

"आमच्याकडे वॉचमन नाही हो!"

"मग ठेवा की एक!"

*

मला बघायला लातूरहून मंडळी आली. मुलगा इंजिनियर. आईने पगार विचारायची खूण केली. दादांचा पहिला प्रश्न, "खेळता काय?"

मुलगा बिचारा घाबरला. "कॅरम."

दादा बराच वेळ पोह्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. बसून तर बसून."

लग्न झालं. पण मांडवात येईल त्याला दादा अभिमानाने सांगत होते, "आमचे जावई स्पोर्ट्समन हायत. खेळ तेवढा विचारू नका!"

*

दादांचं हार्टचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, मॅच बिलकुल बंद. दुसऱ्याच दिवशी भारताची मॅच आणि दादा आयसीयूत, तोंडाला मास्क.

त्यांनी नर्सला एक बोट वर करून दाखवलं. ती भांडं घेऊन आली. दादांनी मान हलवली आणि पुन्हा बोट वर! ती धावत बाहेर आली, "मावशी, बाबा वर बोट दाखवून राहिलेत हो!"

आईने तिथेच हंबरडा फोडला. ती आत पोचते तोच दादांनी मास्क ओढून काढला आणि ओरडले, "अगं बाई, कोणी आउट झाला का म्हणून विचारून राहिलो!"

*

आता हा एक माझा. हा मी सहसा कोणाला सांगत नाही.

मी नववीत होते. लातूरला कबड्डीची फायनल. जिंकलो असतो तर माझं विभागाच्या संघात जाणं नक्की होतं. दादा मला घेऊन आलेले. ऐन वेळी नेमलेले पंच आलेच नाहीत. दादांनी पंचाची परीक्षा दिलेली होती, म्हणून आयोजकांनी शिट्टी त्यांच्या हातात दिली.

समोरच्या संघाच्या बाई उसळल्या, "पोरीचा बाप पंच? चालणार न्हाई!"

दादा म्हणाले, "बाई, मॅच संपेपर्यंत मी कोणाचा बाप न्हाई."

गुण बरोबरीत आणि शेवटची रेड माझी. कडेने गेले, एकीला शिवले, वळले आणि मधल्या रेषेवर झेप घेतली. आमच्या पोरी नाचायला लागल्या. तेवढ्यात शिट्टी वाजली.

"रेडर आउट! पाय बाहेर गेला."

"न्हाई गेला, दादा!"

दादांनी मातीकडे बोट दाखवलं. कडेच्या रेषेपलीकडे माझ्या टाचेचा ठसा होता. एका गुणाने हरलो.

नांदेडच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडत बसले. अहमदपूरला दादांनी खाली उतरून गरम भजी आणली. मी हातसुद्धा लावला नाही. त्यांनीही खाल्ली नाही. पुडा तसाच मांडीवर धरून बसले, नांदेड येईपर्यंत.

घरी आईने दार उघडलं. माझं तोंड बघून घाबरलीच. "काय झालं गं?"

दादांनी गार झालेली भजी तिच्या हातात दिली, चपला काढल्या आणि म्हणाले,

"पोरगी लई भारी खेळली गं. पंचच हलकट होता!"