क्यू-सात म्हणजे लागणीची तारीख

ऐंशीच्या दशकात कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. कुणाचा ऊस आधी तोडायचा, ती पाळी माझा प्रोग्रॅम लावायचा. खोलीत एसी, यंत्र आणि मी. बाकीची माणसं दाराशी चपला काढून यायची, कागद घेऊन जायची. अख्ख्या दिवसात माझ्याशी कुणी चार शब्द बोलायचं नाही.

प्रोग्रॅममध्ये प्रत्येक माहितीला नाव द्यावं लागतं. आमच्या यंत्रात नावाला दोनच अक्षरं, नाहीतर एक अक्षर आणि एक आकडा चालायचा. शिकवणारे मास्तर बजावायचे, नाव बघून आत काय आहे ते कळलं पाहिजे. मी मुद्दाम उलटं केलं. लागणीची तारीख क्यू-सात, उसाची जात झेड-दोन. म्हटलं, बसा बोंबलत. माझ्याशिवाय कुणाला कळणारच नाही, मग मला कोण हलवतोय.

पुढं साहेबांनी माझ्या हाताखाली एक माणूस दिला. पन्हाळ्याकडचा, माझ्याच वयाचा, दोन लेकरांचा बाप. तीन महिन्यांनी त्याला कायम करायचं का, ते माझ्या शेऱ्यावर ठरणार होतं. पहिल्याच दुपारी त्यानं डबा माझ्यापुढं सरकवला. खरं सांगतो, जेवायला सोबत मिळाली याचंच फार बरं वाटलं. पण तो विचारायचा, "दादा, क्यू-सात म्हंजे काय हो?" आणि माझं डोकं फिरायचं. "कळंल की हळूहळू," एवढंच मी म्हणायचो. तो मान हलवून माझ्या भाकरीवर खर्डा वाढायचा.

तीन महिने भरले. मी शेरा लिहिला, काम समजत नाही.

जायच्या दिवशी त्यानं माझ्या हातात एक वही दिली. माझी सगळी नावं ओळीनं लिहिलेली, प्रत्येकासमोर अर्थ. छापील याद्या आणि शेतकऱ्यांचे अर्ज ताडून बघत त्यानं एकट्यानं ते शोधले होते. एकही चुकला नव्हता.

"ही साहेबांना दाखवली असती तर नोकरी राहिली असती तुमची," मी म्हणालो.

"व्हय. पर तुम्ही मला सांगितलं न्हाय, म्हंजे कुणाला कळू ने असंच असंल. म्हनून न्हाय दाखवली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांची खोली शेजारीच होती. शेरा बदलता आला असता. मी वही कपाटात घातली, कुलूप लावलं, आणि त्याला फाटकापर्यंत सोडायलासुद्धा गेलो नाही.